मुरडीची दंतकथा : कॉर्निश पास्टीच्या इतिहासकथनाची एक चिकित्सा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला कॉर्नवॉल हा प्रांत एके काळी कथील व तांबे यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता, आणि त्या खाणींतील मजुरांचे अन्न म्हणून ‘पास्टी’ हा पदार्थ आज जगभर ओळखला जातो. गव्हाच्या पिठाच्या जाड पारीत गोमांसाचे बारीक तुकडे, बटाटा, कांदा आणि सलगमाच्या जातीचा स्वीड नावाचा कंद हे सर्व कच्चेच भरावयाचे, मीठमिरी घालावयाची, पारी अर्धगोल दुमडून कडेला मुरड घालावयाची आणि भट्टीत सावकाश भाजावयाचे, असे त्याचे रूप. मराठी वाचकाला आकाराची कल्पना येण्यास करंजीचे स्मरण पुरेसे आहे. मात्र ही करंजी वीतभर लांब, तिखटमिठाची आणि एका माणसाचे पुरते जेवण होईल एवढी असते.

या पदार्थाविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. खाणीतल्या खनिजात आर्सेनिक, म्हणजे सोमल, असे. मजुराचे हात त्या विषाने माखलेले असत आणि खोल भूगर्भात हात धुण्यास पाणी नसे. म्हणून त्याच्या बायकोने पास्टीला जाडजूड मुरड घातली. ती मूठ धरून त्याने आतला भाग खावा आणि विषारी बोटे लागलेली मुरड शेवटी अंधारात फेकून द्यावी, अशी ती योजना होती. प्रवासपुस्तिका, पाककृतींचे संग्रह, दुकानांच्या जाहिराती आणि काही गंभीर ग्रंथ यांतूनही ही कथा जवळजवळ एकाच शब्दांत आढळते. ती ऐकताच पटते. आणि म्हणूनच तिची तपासणी क्वचित झाली आहे. ही कथा पुराव्यावर टिकत नाही एवढेच दाखवून थांबण्यात फारसे स्वारस्य नाही. ती काय झाकते हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रथम शब्दाकडे वळावे. ‘पास्टी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी उत्तरकालीन लॅटिनमधील ‘पास्ता’, म्हणजे मळलेली कणीक, हा शब्द आहे. त्याच कुळातील ‘पेस्ट’ आणि ‘पेस्ट्री’ हे शब्द मराठीत रूढ आहेत. मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांतून मिळणारे ‘पॅटिस’ हेही याच घराण्यातले. फ्रेंच ‘पाते’पासून इंग्रजी ‘पॅटी’ आणि तिचे अनेकवचन ‘पॅटीज’ मराठीत येताना एकवचनी होऊन बसले. ‘एक पॅटिस, दोन पॅटिस’ असे म्हणताना कोणासही चुकल्यासारखे वाटत नाही. पुढे रगड्यातल्या पॅटिसात तर पिठाचे कवचही उरले नाही. केवळ बटाट्याची टिक्की राहिली, म्हणजे ज्या कणकेवरून नाव पडले तीच गळाली. शब्दाची व्युत्पत्ती आणि वस्तूचा इतिहास यांची गल्लत करू नये, हा धडा या एका उदाहरणावरूनही मिळतो आणि पुढे तो उपयोगी पडेल.

पाय आणि पास्टी यांतील भेद मजुराच्या दृष्टीने मोलाचा होता. पाय भांड्यात भाजतात आणि भांड्यातून वाढतात. पास्टीला भांडे लागत नाही. तिचे कवच हेच तिचे भांडे. तथापि मध्ययुगात हे कवच मजुराच्या सोयीसाठी नव्हते. त्या काळच्या इंग्रजीत पास्टी म्हणजे प्रामुख्याने हरणाच्या मांसाची, धनिकांच्या मेजवानीची वस्तू होती. शहरातील खानावळवाले पास्टी विकत असत हे खरे, आणि चॉसरच्या ‘कॅंटरबरी टेल्स’मधील स्वयंपाक्याला शिळ्या पास्ट्या खपविल्याबद्दल टोमणेही ऐकावे लागतात, परंतु प्रतिष्ठेची पास्टी हरणाचीच. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये भांडणारांना समेटासाठी जेवावयास बोलाविले जाते ते हरणाच्या गरम पास्टीकरिता. सॅम्युएल पीप्सच्या दैनंदिनीत 1660 च्या जानेवारीत एक मौजेची नोंद आहे: हरणाची म्हणून वाढलेली पास्टी उघडउघड गोमांसाची निघाली आणि त्याला ते शोभण्यासारखे वाटले नाही. पीप्सच्या दृष्टीने ती लबाडी होती. आज गोमांस नसेल तर ‘कॉर्निश पास्टी’ हे नावच कायद्याने लावता येत नाही. सुमारे साडेतीन शतकांत एका पदार्थाच्या सामाजिक स्थानाने घेतलेली ही कलाटणी कोणत्याही दंतकथेहून अधिक लक्षणीय आहे.

पास्टी कॉर्नवॉलची की शेजारच्या डेव्हनची, हा वाद 2006 साली पेटला. डेव्हनचे इतिहासकार टॉड ग्रे यांना प्लिमथ शहराच्या जमाखर्चात 1510 च्या सुमाराची एक नोंद सापडली. तीत हरणाच्या मांसाची पास्टी करण्यास आलेला खर्च मांडला आहे. कॉर्नवॉलमधील ज्ञात पाककृती मात्र 1746 ची. वर्तमानपत्रांनी यावरून पास्टी डेव्हनची असल्याचा निर्वाळा दिला आणि उलट बाजूने प्रागैतिहासिक गुहाचित्रांचा दाखलाही देऊन झाला. या साऱ्यात प्रमाद एकच आहे आणि तो दोन्ही पक्षांचा आहे. पास्टी हा शब्द आणि ती वस्तू तेराव्या-चौदाव्या शतकांपासून इंग्लंडभर प्रचारात होती. तेव्हा तिच्या पहिल्या लेखी नोंदीवरून मालकी ठरविणे म्हणजे ज्या गावाचे दप्तर वाळवीने खाल्ले नाही त्याला शोधाचे श्रेय देणे होय. शिवाय प्लिमथच्या त्या पास्टीतले हरीण माउंट एजकम्बच्या वनातले होते, आणि ते वन आज कॉर्नवॉलमध्ये मोडते. त्या नोंदीपासून एवढेच सिद्ध होते की 1510 मध्ये त्या भागातील पास्टी ही हिशेबात मांडण्याजोगी, मोलाची वस्तू होती.

मग ती खाणीत उतरली केव्हा? अठराव्या शतकातील कॉर्निश मजुराच्या शिदोरीत जो पदार्थ ठळकपणे आढळतो त्याचे नाव ‘हॉगन’. बार्लीच्या पिठाचा, न फुगविलेला, दगडासारखा घट्ट गोळा. त्यात जमल्यास डुकराच्या मांसाचा किंवा चरबीचा तुकडा, न जमल्यास बटाटा, तोही नसल्यास काहीच नाही. गहू महाग होता आणि त्याची पांढरी पारी ही गरिबाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. बटाट्याची लागवड त्या शतकात पसरली आणि पोटभरीचा प्रश्न थोडा सुटला. एकोणिसाव्या शतकात गव्हाचे पीठ अधिक सुलभ झाले तेव्हा हॉगनची जागा हळूहळू पास्टीने घेतली. म्हणजे वरून उतरत आलेले एक श्रीमंती नाव आणि खालून वर येणारी एक दरिद्री वस्तू यांची गाठ पडली आणि आजची पास्टी झाली. पास्टीची कुळकथा सांगणारे पहिल्या वाटेचा उल्लेख करतात. दुसरीचा बहुधा करीत नाहीत. हॉगन हा शब्द आज संग्राहकांच्या कोशांतच उरला आहे, आणि त्याबरोबर बार्लीचा तो काळा गोळाही कथेतून बाहेर पडला आहे.

या पार्श्वभूमीवर मुरड फेकून देण्याची गोष्ट वाचावी. कॉर्निश खाणकामगाराला ठरावीक पगार नसे. खाणीचा एखादा भाग बोलीने घ्यावयाचा आणि निघालेल्या खनिजाच्या मोलातील हिस्सा किंवा खोदलेल्या लांबीप्रमाणे मोबदला घ्यावयाचा, अशी पद्धत होती. शिरेत खनिज लागले नाही तर महिन्याच्या कष्टानंतर हाती काहीच येत नसे. 1840 नंतरच्या दशकात बटाट्यावर रोग पडला, धान्य महागले, आणि 1847 साली कॉर्नवॉलमधील खाणकामगार व मजूर धान्य बाहेर जाऊ नये म्हणून बंदरांवर आणि बाजारांवर चालून गेले. ज्यांनी मूठभर धान्यासाठी सैनिकांच्या समोर उभे राहण्याचे धाडस केले त्यांच्या घरची माणसे दररोज कणकेचा सर्वांत जाड भाग भूगर्भात टाकून येत होती, असे ही कथा वाचकाला मानावयास लावते. कथा सांगणाऱ्यांच्या ध्यानात हा विरोध येत नाही. कारण पोट भरलेल्या माणसाने ही कथा पोट भरलेल्या माणसासाठी रचलेली आहे.

प्रत्यक्ष पुरावाही कथेच्या विरुद्ध आहे. जे. सी. बरो या छायाचित्रकाराने खाणींच्या आत प्रकाशचूर्ण पेटवून घेतलेली छायाचित्रे 1893 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कॉर्निश खाणीच्या अंतर्भागाचा इतका स्पष्ट पुरावा त्यापूर्वी नव्हता. त्या आणि तत्कालीन इतर छायाचित्रांतून मजूर पास्टी खाताना दिसतात ते ती कापडाच्या किंवा कागदाच्या पिशवीत धरून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. हात घाण असतील तर हातांपासून अन्न वाचविण्याचा उपाय फडके हा होता. तो साधा आहे, स्वस्त आहे, आणि त्यात काही वाया जात नाही. कॉर्नवॉलच्या स्त्रियांच्या मंडळांनी संकलित केलेला पाककृतींचा पहिला संग्रह 1929 साली निघाला. त्यातही टोकाकडून टोकाकडे खाणे हीच खरी कॉर्निश रीत मानली आहे. मुरड मुठीसारखी धरण्याचा मान त्या पुस्तकातील बायकांना ठाऊक नव्हता.

दुसरा पुरावा दंतकथेच्या पोटातच आहे. पास्टीच्या एका टोकाला पिठाची अक्षरे लावून मालकाच्या नावाची आद्याक्षरे उमटवीत. याचे कारण असे सांगतात की, अर्धी खाऊन ठेवलेली पास्टी नंतर ज्याची त्याला ओळखता यावी. म्हणून खाण्याचा आरंभ अक्षरे नसलेल्या टोकाकडून करावयाचा. हे कारण सयुक्तिक आहे. परंतु उरलेला तुकडा जपून ठेवणारा, त्यावर नाव घालणारा माणूस आणि उरलेला तुकडा फेकून देणारा माणूस हा एकच कसा असू शकेल? कित्येक पुस्तकांतून या दोन्ही गोष्टी एकाच पानावर शेजारी शेजारी येतात आणि लेखकाला त्यांची गाठ घालण्याची गरज भासत नाही. अशा वेळी खाणीतल्या ‘नॉकर’ नावाच्या भुतांचे साहाय्य घेतले जाते: टाकलेला तुकडा त्या भुतांसाठी होता म्हणे. आता भुताला एखादा चतकोर ठेवणे ही गोष्ट कोकणात वा कॉर्नवॉलात अशक्य नाही. परंतु नैवेद्य आणि उच्छिष्ट यांत भेद आहे. विषाने माखलेला तुकडा ज्यांची भीती वाटते त्यांच्यापुढे कोणी ठेवीत नाही.

भाषेचा एक दाखला येथे देता येईल, तोही सावधपणे. खाणीतल्या मधल्या जेवणाला कॉर्नवॉलमध्ये ‘क्राउस्ट’ म्हणत आणि त्या शब्दाचा संबंध जुन्या फ्रेंचमधील कवच, पापुद्रा या अर्थाच्या शब्दाशी जोडण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. ज्या समाजाने जेवणालाच कवचाचे नाव दिले त्याने कवच टाकले नसावे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पॅटिसाच्या उदाहरणाने दाखविल्याप्रमाणे शब्दाचे मूळ हे व्यवहाराचे प्रमाण नव्हे. या दाखल्याचे मोल पूरक एवढेच.

आता सोमलाचा प्रश्न. कॉर्नवॉलच्या कथिल-तांब्याच्या खनिजांत आर्सेनिक असे हे निर्विवाद आहे. परंतु खडकात तो गंधक व लोह यांच्या संयुगात बद्ध असतो. पांढऱ्या भुकटीच्या रूपाने तो मोकळा होतो तो खनिज भट्टीत भाजल्यावर, आणि त्या भट्ट्या जमिनीवर होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याचा धंदा कोसळल्यावर हाच सोमल विक्रीचा माल झाला. धुराड्यांच्या भिंतींवर साठलेली भुकटी खरवडणारे मजूर नाकात कापूस आणि अंगाला माती लावून काम करीत. सोमलाचे खरे बळी तेथे शोधावयाचे. भूगर्भातील कामगार मरत होता तो दुसऱ्याच कारणाने. 1904 साली जे. एस. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी यांनी कॉर्निश खाणकामगारांच्या आरोग्याविषयी सरकारला अहवाल सादर केला; यांत्रिक छिद्रकामामुळे उडणारी दगडाची धूळ फुप्फुसात साचून होणारा क्षय हे मृत्यूचे प्रमुख कारण त्यात पुढे आले. त्याच्या आधी दोनच वर्षे डॉल्कोथ या खाणीतील मजुरांच्या पांडुरोगाचा छडा हॉल्डेन यांनीच लावला होता: शौचाची सोय नसलेल्या, उष्ण व ओल्या भूगर्भात आकडेकृमी माजले होते. धूळ आणि कृमी ही दोन्ही कारणे खाण चालविणाऱ्यांच्या कर्तव्याशी निगडित आहेत. पाण्याचा फवारा आणि शौचाच्या बादल्या यांनी पुष्कळ जीव वाचण्याजोगे होते. सोमलाच्या कथेत मात्र धोका निसर्गाने निर्माण केलेला आहे आणि त्यावरील उपाय स्वयंपाकघरात सापडलेला आहे. मालक या कथेत कोठे नाही. ही अनुपस्थिती हा तिचा सर्वांत मोठा दोष होय.

मुरड मग कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर देण्यास खाणीत उतरण्याची आवश्यकता नाही. कोणत्याही महाराष्ट्रीय घरी दिवाळीच्या आधी दोन दिवस डोकावणे पुरे. करंजीला मुरड घालतात ती सारण तेलात फुटू नये म्हणून. ज्या हाताला मुरड साधत नाही तो कातण्याने कड कापून काम भागवितो. साधते ती बाई सारखे, बारीक पीळ घालीत जाते आणि तिच्या मुरडीची वाखाणणी होते. गोव्यात नेवरीचीही हीच कथा. येथे ना सोमल आहे ना खाण. आतला ओलावा आणि रस बाहेर पडू नये म्हणून कड दुहेरी करून पिळणे ही पीठ हाताळणाऱ्या हाताची युक्ती आहे आणि ती जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे साधलेली आहे. पास्टीत तर भरण कच्चेच घालतात. मांसाच्या आणि कांद्याच्या रसात बटाटा आतल्या आत शिजावयाचा असतो. मुरड सुटली तर सारेच कोरडे पडते. तेव्हा मुरडीचे स्पष्टीकरण खाणाऱ्याच्या बोटांत शोधणे हीच पद्धतीची चूक आहे. ते करणारीच्या बोटांत आहे. दंतकथेत बायको येते खरी, पण केवळ नवऱ्याच्या मुठीची सोय लावणारी म्हणून. तिचे पाककौशल्य त्या कथेला ठाऊकच नाही.

ही कथा कोणी एकाने रचली असे म्हणण्याचे कारण नाही. तिला बहर आला तो खाणी बंद पडत गेल्यावर आणि कॉर्नवॉल प्रवाशांचे ठिकाण झाल्यावर. साउथ क्रॉफ्टी ही शेवटची कथिलाची खाण 1998 साली बंद झाली, 2006 मध्ये खाणींचा परिसर जागतिक वारशात गणला गेला, आणि 2011 मध्ये ‘कॉर्निश पास्टी’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. (ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर ते तेथील स्वतंत्र योजनेखाली चालू राहिले.) त्या नियमांनुसार गोमांस किमान साडेबारा टक्के आणि भाज्या किमान पंचवीस टक्के हव्यात, पास्टी कॉर्नवॉलमध्ये घडविलेली हवी, आकार इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा हवा, आणि मुरड कडेला हवी, माथ्यावर कदापि नको. जुन्या घरांतून माथ्यावर मुरड घालणारे हातही होते. त्यांच्या पास्टीला आता ते नाव नाही. ज्या मुरडीभोवती दंतकथा गुंफली गेली तीच मुरड कायद्यात लक्षण म्हणून बसली, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

याच नियमांच्या निमित्ताने शब्दार्थाची एक गंमत उघड झाली. कॉर्नवॉलमध्ये पास्टीतल्या पिवळ्या गराच्या कंदाला ‘टर्निप’ म्हणतात. इतर इंग्लंडमध्ये त्याला ‘स्वीड’ म्हणतात आणि ‘टर्निप’ हे नाव पांढऱ्या सलगमाला देतात. बाहेरच्याने कॉर्निश आजीची पाककृती शब्दशः पाळली तर त्याची पास्टी बिघडते. कायद्याला प्रमाणभाषेतील शब्द निवडावा लागला आणि आजीचा शब्द बोलीत राहिला.

2012 सालच्या मार्चमध्ये ब्रिटिश अर्थमंत्र्यांनी दुकानात विकल्या जाणाऱ्या गरम भाजीव पदार्थांवर वीस टक्के कर बसविण्याचे ठरविले तेव्हा ‘गरम’ या शब्दाची व्याख्या करण्याचा प्रसंग शासनावर आला. सभोवतालच्या हवेपेक्षा अधिक उष्ण ते गरम, अशी ती व्याख्या होती; मग उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात कर निराळा काय, अशी विचारणा झाली. बेकरीतील पास्टी शेवटची कधी खाल्ली हे अर्थमंत्र्यांना संसदीय समितीपुढे आठवेना. मे महिन्याच्या अखेरीस, भट्टीतून काढून आपोआप निवत जाणाऱ्या पास्टीला कर नाही, मुद्दाम गरम ठेवलेलीला आहे, अशी तडजोड झाली. या प्रकरणात पास्टी ही पुन्हा एकदा मजुराच्या अन्नाचे प्रतीक म्हणून वापरली गेली. वस्तुतः तोवर ती मजुराहून अधिक स्थानकांवरच्या घाईतल्या प्रवाशाची झाली होती.

पास्टीचा अधिक जिवंत इतिहास कॉर्नवॉलबाहेर पाहावयास मिळतो. 1824 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीने मेक्सिकोतील रिआल देल मोंते येथील चांदीच्या खाणी चालविण्यास घेतल्या आणि पुढच्या वर्षापासून कॉर्निश खाणकामगार वाफेच्या यंत्रांसह तेथे पोहोचू लागले. किनाऱ्यावरच पीतज्वराने त्यांतील अनेक दगावले. कंपनीचा व्यवहार तोट्यात गेला, 1849 मध्ये खाणी मेक्सिकन भांडवलदारांकडे गेल्या. परंतु पास्टी राहिली. तेथे तिचे नाव ‘पास्ते’. स्पॅनिशमध्ये याच कुळातला ‘पास्तेल’ हा शब्द केकसाठी आणि भरलेल्या भाजीव पदार्थासाठी ‘एम्पानादा’ हा शब्द आधीच होता. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेले ‘एम्पादा’ हे त्याचेच भावंड. असे असूनही खाणीतून आलेल्या वस्तूला खाणीतूनच आलेले नाव चिकटले. आत बटाटा-मांसाबरोबर मिरची आली, मग मोले, घेवडा, अननस आणि दूधभातही आला. पारी आणि कडेचा पीळ मात्र बदलला नाही. तेथेही मळक्या हातांनी धरण्यासाठी कड जाड ठेवली असे प्रवाशांना सांगतात. खाण चांदीची असल्याने सोमलाचा उल्लेख तेवढा गळतो. परंतु त्या कडेला स्पॅनिशमध्ये जो शब्द वापरतात त्याचा अर्थ मूठ असा नाही. तो शब्द आहे ‘त्रेन्सा’, म्हणजे वेणी.